जावांतील हरवलेले क्लास आणि त्यांचा शोध

संगणकाच्या व्यवहारांत ज्या तक्रारी वारंवार ऐकूं येतात त्यांतील एक तक्रार मोठी चमत्कारिक आहे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या यंत्रावर जें वेब-ॲप्लिकेशन निर्वेधपणें चालत होतें, तेंच सर्व्हरवर नेऊन ठेवतांच बंद पडतें आणि ‘अमुक नांवाचा क्लास सांपडला नाहीं’ असें उत्तर देतें. क्लास तर लिहिलेला असतो. ज्या फाईलींत तो आहे ती फाईलहि डोळ्यांना दिसत असते. तरी यंत्र म्हणतें, सांपडला नाहीं. अशा वेळीं नवशिका मनुष्य ती फाईल आणखी दोन ठिकाणीं नेऊन टाकतो, सर्व्हर बंद करून पुन्हां सुरू करतो, आणि दैवयोगानें दोष नाहींसा झाला तर समाधान मानतो. परंतु कारण न समजतां गेलेला दोष परत येतो. आणि तो परीक्षेचे अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशीं किंवा पगाराचीं बिलें काढण्याच्या दिवशीं आला म्हणजे त्याचें दुःख शेंकडों माणसांना भोगावें लागतें. यास्तव जावाच्या यंत्रणेंत क्लास शोधला कसा जातो, हें एकदां नीट समजून घेणें हाच या रोगावरील खरा उपाय होय.

जावा ही भाषा सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीनें १९९५ सालीं जाहीर केली. जेम्स गॉस्लिंग हे तिचे प्रमुख निर्माते. २०१० सालीं ती कंपनी ओरॅकलनें विकत घेतली व तेव्हांपासून जावाचा सांभाळ ओरॅकलकडे आला. या भाषेंतील प्रोग्रॅम अनेक क्लासांचा बनलेला असतो. प्रत्येक क्लास यंत्राला समजेल अशा रूपांत येऊन स्वतंत्र फाईलींत बसतो, आणि अशा पुष्कळ फाईली एकत्र बांधून जें गाठोडें तयार होतें त्याला ‘जार’ असें म्हणतात.

आतां यांतील मुख्य मुद्दा असा कीं, प्रोग्रॅम सुरू होतांना हे सर्व क्लास एकदम स्मृतींत आणले जात नाहींत. ज्याची गरज पडेल तो त्या वेळीं आणावयाचा, अशी जावाची रीत आहे. शाळेंत सगळे नकाशे भिंतीवर टांगून ठेवीत नाहींत. भूगोलाचा तास आला आणि मास्तरांनीं आशियाचा नकाशा मागितला म्हणजे शिपाई कपाटाकडे जातो व तो घेऊन येतो. जावांत या शिपायाचें काम करणारा जो भाग, त्याला ‘क्लासलोडर’ असें नांव आहे. या रीतीनें वेळ व जागा वांचते हें खरें. परंतु तिच्यांतूनच एक अडचण उद्भवते. कपाटांतून एक नकाशा नाहींसा झाला असेल तर तें शाळा भरतांना कळत नाहीं. तो तास येईल तेव्हांच कळतें. त्याचप्रमाणें ॲप्लिकेशनमध्यें एखादा क्लास नसला तरी तें सुरळीत सुरू होतें, आठ दिवस चालतें, आणि नवव्या दिवशीं कोणी तरी क्वचित् वापरलें जाणारें बटण दाबलें म्हणजे कोसळतें. ‘कालपर्यंत तर चालत होतें’ हें अशा प्रसंगीं नेहमीं ऐकूं येणारें वाक्य खोटें नसतें. परंतु त्यावरून क्लास कालपर्यंत जागेवर होता असें मात्र सिद्ध होत नाहीं.

क्लासलोडर एकटा नसतो. त्यांची वरपासून खालपर्यंत एक उतरंड असते. सर्वांत वर ‘बूटस्ट्रॅप’ लोडर. जावाचे अगदीं मूळचे क्लास तो आणतो. त्याच्या खालीं, २०१७ सालीं आलेल्या जावा ९ पासून, ‘प्लॅटफॉर्म’ लोडर असतो. त्यापूर्वीं त्या जागीं ‘एक्स्टेन्शन’ लोडर होता. त्याच्याहि खालीं ‘सिस्टिम’ लोडर. १९९८ सालच्या अखेरीस निघालेल्या जावा १.२ या आवृत्तीपासून असा नियम झाला कीं, खालच्या लोडरला क्लास मागितला म्हणजे त्यानें प्रथम आपल्या वरच्याला विचारावें, वरच्यानें त्याच्या वरच्याला, आणि वर कोणाजवळहि नसेल तरच आपल्या कपाटांत पाहावें. कुटुंबांतील धाकट्यानें थोरल्यास विचारल्यावांचून व्यवहार करूं नये, तसाच हा प्रकार आहे.

या रचनेंतून जो नियम निघतो तो नीट ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. खालच्याला वरच्याजवळचे क्लास दिसतात. वरच्याला खालच्याजवळचे दिसत नाहींत. वेब-ॲप्लिकेशनांतील अर्ध्याअधिक तक्रारींचें मूळ या एका वाक्यांत सांपडतें.

वेब-ॲप्लिकेशनची गोष्ट थोडी निराळी आहे. टॉमकॅट हा सर्व्हर पुष्कळ ठिकाणीं वापरला जातो, म्हणून त्याचेंच उदाहरण घेणें बरें. एकाच टॉमकॅटवर अनेक ॲप्लिकेशनें नांदत असतात. एकाला एखाद्या लायब्ररीची जुनी आवृत्ति लागते, तर दुसऱ्याला नवी. दोघांनीं एकच कपाट वापरलें तर भांडण होणार. म्हणून टॉमकॅट प्रत्येक ॲप्लिकेशनला स्वतंत्र लोडर देतो व त्याच्यापुरता वरीलांस आधीं विचारण्याचा नियम उलटा करतो. हा लोडर प्रथम जावाच्या मूळ क्लासांत पाहतो. तेथें नसेल तर ॲप्लिकेशनच्या ‘वेब-इन्फ’ या फोल्डरांतील ‘क्लासेस’मध्यें, मग त्याच फोल्डरांतील ‘लिब’मध्यें ठेवलेल्या जारींत, त्यानंतर सिस्टिम लोडरकडे, आणि शेवटीं सर्व ॲप्लिकेशनांसाठीं सामाईक असलेल्या टॉमकॅटच्या स्वतःच्या ‘लिब’मध्यें तो शोध घेतो. म्हणजे घरचें कपाट आधीं आणि सामाईक कपाट मागून. मात्र सर्व्हलेटचे मूळ क्लास यास अपवाद आहेत. ते सर्व्हरनेंच पुरवावयाचे असल्यामुळें ॲप्लिकेशननें त्यांची आपली प्रत आणली तरी टॉमकॅट ती स्वीकारीत नाहीं.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून पुढील विवेचन समजणार नाहीं. जावांत क्लासची ओळख केवळ नांवानें ठरत नाहीं. नांव आणि तो ज्या लोडरनें घडविला तो लोडर, या दोहोंनीं मिळून ती ठरते. शेंग लियांग व गिलाड ब्राखा या दोघांनीं १९९८ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत हा विचार पद्धतशीरपणें मांडला आहे. मराठी माणसाला ही कल्पना परकी वाटूं नये. गांवांत दोन गणपतराव असले तर वडिलांचें नांव व आडनांव सांगितल्याखेरीज पोस्टमन मनिऑर्डर देत नाहीं. तसेंच जावाचेंहि आहे. एकच क्लास दोन लोडरांनीं आणला तर नांव एक, मजकूर अक्षरशः एक, तरी यंत्राच्या हिशेबीं ते दोन भिन्न क्लास ठरतात.

इतकी भूमिका तयार झाल्यावर आतां एकेका दोषाकडे वळण्यास हरकत नाहीं. सामान्यतः हे सर्व दोष ‘क्लास मिळत नाहीं’ या एकाच सदराखालीं घातले जातात. वस्तुतः त्यांचे प्रकार भिन्न असून उपायहि भिन्न आहेत.

पहिला दोष ‘क्लास-नॉट-फाउंड एक्सेप्शन’ हा. येथें प्रोग्रॅमनें एखाद्या क्लासचें नांव अक्षरांनीं लिहून तो मागितलेला असतो आणि लोडरला तो कोठेंच आढळत नाहीं. डेटाबेसशीं बोलणाऱ्या ड्रायव्हरचें नांव सेटिंगच्या फाईलींत असतें, त्यांत एक अक्षर चुकलें कीं हा दोष येतो. परंतु नांव बरोबर आहे, जार ‘वेब-इन्फ’मधील ‘लिब’मध्यें आहे, तरीहि हा दोष आला तर वरचा नियम आठवावा. डेटाबेसच्या जोडण्यांचा सांठा टॉमकॅटनें स्वतः ठेवावा अशी व्यवस्था केली असेल, तर ड्रायव्हर मागणारा टॉमकॅट असतो, ॲप्लिकेशन नव्हे. तो वरच्या पायरीवर उभा. त्याला खालच्या ॲप्लिकेशनचें कपाट दिसत नाहीं. म्हणूनच अशा व्यवस्थेंत ड्रायव्हरची जार टॉमकॅटच्या सामाईक ‘लिब’मध्यें ठेवावी, असें टॉमकॅटची माहितीपुस्तिका सांगते.

दुसरा दोष ‘नो-क्लास-डेफ-फाउंड एरर’ हा. पहिल्याशीं याची नेहमीं गल्लत होते. प्रोग्रॅम तयार करतांना जो क्लास हजर होता व ज्याच्या भरंवशावर दुसरा क्लास रचला, तो प्रत्यक्ष चालतांना गैरहजर असला म्हणजे हा दोष येतो. याचें ठळक उदाहरण इतिहासांत घडलेलें आहे. एक्सएमएलचें काम करणारे ‘जॅक्स-बी’ नांवाचे क्लास जावा ८ मध्यें अंगचेच होते. २०१८ सालच्या जावा ११ मधून ते काढून टाकण्यांत आले. तेव्हां जावा ८ वर वर्षानुवर्षें चाललेलीं ॲप्लिकेशनें जावा ११ वर नेतांच हा दोष दाखवूं लागलीं, जरी त्यांच्या मजकुरांत कोणीं एक अक्षरहि बदललें नव्हतें. त्या क्लासांची जार स्वतंत्रपणें जोडणें, हा त्यावरील उपाय. वाचणाऱ्यास एक खूण उपयोगी पडेल. या दोषाच्या ओळींत क्लासच्या नांवाचे भाग तिरप्या रेघेनें तोडलेले असतात. पहिल्या दोषाच्या ओळींत ते टिंबानें तोडलेले असतात.

याच दोषाचें एक फसवें रूप आहे. तेथें क्लास सांपडलेला असतो, परंतु त्याची प्रारंभींची मांडामांड करतांना कांहीं तरी बिघडतें. उदाहरणार्थ, त्याला हवी असलेली सेटिंगची फाईल मिळत नाहीं. पहिल्या खेपेस यंत्र ‘एक्सेप्शन-इन-इनिशियलायझर एरर’ म्हणून खरें कारण सांगतें. त्यानंतर मात्र तोच क्लास जितक्या वेळां मागावा तितक्या वेळां ‘क्लासचा आरंभ करतां आला नाहीं’ असें उत्तर मिळतें. लॉगमधील शेवटची ओळ वाचून जो जार शोधण्यास धांवतो, तो व्यर्थ श्रमतो. कारण जार जागेवरच असते. दोष किती वर, किती आधीं सुरू झाला, हें लॉग उलटा चाळून पाहिलें पाहिजे.

तिसरा दोष ‘नो-सच-मेथड एरर’. येथें क्लास सांपडतो, परंतु हवी असलेली क्रिया त्यांत नसते. हा दोष बहुधा एकच गोष्ट सांगतो : एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या एकत्र आल्या आहेत आणि यंत्रानें नको असलेली उचलली आहे. ‘लिब’मध्यें जुनी व नवी अशा दोन्ही जारी पडलेल्या असतात, त्यांतील कोणती प्रथम पाहावी याचा क्रम सर्व्हलेटच्या नियमांनीं बांधून दिलेला नाहीं. म्हणून प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या यंत्रावर नवी आधीं येते, सर्व्हरवर जुनी आधीं येते, आणि ‘माझ्याकडे तर चालतें’ या वादाला तोंड फुटतें. दोघेहि खरें बोलत असतात.

चौथा दोष सर्वांत विस्मयकारक. ‘क्लास-कास्ट एक्सेप्शन’ या नांवाखालीं यंत्र सांगतें कीं, अमुक क्लासची वस्तु अमुकच क्लासची म्हणून घेतां येत नाहीं. आणि दोन्हीं ठिकाणीं नांव एकच असतें. वाचणाऱ्यास वाटतें, यंत्राला वेड लागलें. परंतु दोन गणपतरावांची गोष्ट ध्यानीं असेल तर कोडें उरत नाहीं. जार ॲप्लिकेशनच्या ‘लिब’मध्यें आहे, तशीच ती सामाईक ‘लिब’मध्यें आहे, एक वस्तु एका लोडरकडून आली, दुसरीची अपेक्षा दुसऱ्या लोडरकडून आहे. दोहोंपैकीं एक प्रत काढून टाकली कीं दोष नाहींसा होतो. म्हणजे येथें औषध जार घालण्याचें नसून जार काढण्याचें आहे.

पांचवा दोष आवृत्तीचा. प्रत्येक क्लासच्या फाईलीच्या आरंभीं चार बाइटांची एक ठरीव खूण असते व तिच्या लगेच मागें ती फाईल जावाच्या कोणत्या आवृत्तीसाठीं घडविली तो क्रमांक असतो. ५२ म्हणजे जावा ८, ५५ म्हणजे जावा ११, ६१ म्हणजे जावा १७, ६५ म्हणजे जावा २१. क्रमांकांतून ४४ वजा करावे कीं आवृत्ति मिळाली. सर्व्हरवरील जावा जुनी व क्लास नव्यासाठीं घडलेला असेल, तर यंत्र ‘अनसपोर्टेड-क्लास-व्हर्शन एरर’ असें स्पष्ट बजावतें. जुनें पुस्तक नव्या वाचकाला वाचतां येतें. नव्या लिपीचें पुस्तक जुन्या वाचकाला येत नाहीं.

सहावें कारण अलीकडचें आहे. जावाचा व्यापारी कामकाजासाठीं असलेला भाग ओरॅकलनें इक्लिप्स फाउंडेशनकडे सोंपविण्याचें २०१७ सालीं ठरविलें. पण त्यांतील क्लासांच्या नांवांच्या आरंभीं असलेला ‘जावाएक्स’ हा शब्द नव्या कामांत वापरण्याचा हक्क मात्र मिळाला नाहीं. म्हणून २०२० सालच्या जाकार्ता ईई ९ पासून ‘जावाएक्स’च्या जागीं ‘जाकार्ता’ हें आद्यपद आलें, व टॉमकॅट १० नें तें स्वीकारलें. टॉमकॅट ९ वर चालणारें ॲप्लिकेशन तसेंच उचलून टॉमकॅट १० वर ठेवलें तर सर्व्हलेटचा क्लासच सांपडत नाहीं. कारागीर तोच, काम तेंच; परंतु पाटीवरील नांव बदललें आहे, आणि शिपाई पाटी वाचूनच चालतो. अशा वेळीं एक तर टॉमकॅट ९ ठेवावा, नाहीं तर मजकुरांतील जुनीं नांवें बदलून घ्यावीं.

दोषांची ओळख पटल्यावर शोधाची पद्धति सांगणें सोपें आहे. प्रथम लॉग आरंभापासून वाचावा. एकावर एक रचलेल्या कारणांपैकीं ‘कॉझ्ड बाय’ या शब्दांनीं सुरू होणारी सर्वांत खालची ओळ मूळ कारण सांगते. वरच्या ओळी त्याचे परिणाम असतात. दुसरें, क्लासचें पूर्ण नांव जसेंच्या तसें उतरून घ्यावें. लहान व मोठ्या रोमन अक्षरांतील भेद येथें महत्त्वाचा आहे. तिसरें, सर्व्हरवर प्रत्यक्ष काय पोंचलें आहे तें पाहावें. आपल्या यंत्रावरील फोल्डर पाहून समाधान मानूं नये. ‘जार टीएफ’ ही आज्ञा जारीच्या आंतील फाईलींची यादी देते. चौथें, क्लास कोठून आला हें यंत्रालाच विचारावें. जावा सुरू करतांना ‘व्हर्बोझ क्लास’ हा पर्याय दिला म्हणजे प्रत्येक क्लास कोणत्या जारींतून आणला तें यंत्र लिहून ठेवतें. दोन आवृत्त्यांच्या भांडणांत हा पुरावा निर्णायक ठरतो. पांचवें, मेव्हन वापरांत असेल तर त्याच्याकडून अवलंबनांचा वृक्ष काढून घ्यावा. कोणत्या लायब्ररीनें आपल्यामागून कोणती दुसरी लायब्ररी न सांगतां आणली, तें त्यांत फांदीफांदीनें दिसतें. नको असलेली फांदी तेथेंच छाटतां येते. सर्व्हर पुरवितो त्या लायब्ररींना ‘प्रोव्हायडेड’ असा शेरा द्यावा, म्हणजे त्या प्रोग्रॅम घडवितांना उपयोगी पडतात, परंतु ॲप्लिकेशनच्या गाठोड्यांत जात नाहींत. आणि शेवटीं, एका वेळीं एकच बदल करावा. चार बदल एकदम करून दोष गेला तर तो कशानें गेला हें कधींच कळत नाहीं.

या विषयाचें महत्त्व केवळ सोयीपुरतें नाहीं, हें २०२१ सालीं सर्व जगास कळून आलें. लॉग लिहिण्याची ‘लॉग४जे’ ही लायब्ररी असंख्य जावा-ॲप्लिकेशनांत वापरली जाते. तिच्या दुसऱ्या पिढीच्या २.१४.१ पर्यंतच्या आवृत्त्यांत असा दोष होता कीं, लॉगमध्यें लिहावयाच्या मजकुरांत विशिष्ट खुणांचा पत्ता आला तर ती लायब्ररी त्या पत्त्यावर चौकशी करी, आणि त्या वाटेनें परक्या सर्व्हरवरील क्लास आणून तो चालविला जाण्याची सोय होई. म्हणजे दारांत आलेल्या अनोळखी माणसानें सांगितलेल्या कपाटांतून शिपायानें नकाशा आणावा, तसें हें झालें. डिसेंबर २०२१ मध्यें हें उघड झालें. आपाची फाउंडेशननें २.१५.० ही दुरुस्त आवृत्ति काढली, ती अपुरी ठरल्यानें त्याच महिन्यांत २.१६.० व २.१७.० याहि काढल्या.

त्या दिवसांत सर्व्हर सांभाळणाऱ्यांपुढें जो प्रश्न उभा राहिला तो वर सांगितलेलाच होता : ही लायब्ररी कोणत्या ॲप्लिकेशनच्या ‘लिब’मध्यें आहे, तिची कोणती आवृत्ति आहे, आणि दुसऱ्या एखाद्या जारीच्या पोटांत तिची आणखी एक प्रत दडलेली तर नाहीं? ज्याच्याजवळ आपल्या जारींची यादी होती त्याला उत्तर देणें शक्य होतें. ज्यानें दोष दिसेल तेव्हां मिळेल ती जार मिळेल त्या फोल्डरांत टाकण्याची संवय लावून घेतली होती, त्याला प्रत्येक गाठोडें सोडून पाहणें भाग होतें. आणि एक प्रत राहिली तरी दार उघडेंच राहिलें.

जुन्या घरांतून अशी शिस्त असे कीं, जी वस्तु जेथून घ्यावी ती तेथेंच ठेवावी, व कोणत्या फडताळांत काय आहे तें घरांतील प्रत्येकास माहीत असावें. या शिस्तीमुळें रात्रीं दिवा नसतांनाहि हवें तें हातीं लागे. जावाचा सर्व्हर सांभाळणाऱ्यानें एवढीच शिस्त पाळली, प्रत्येक लायब्ररीची एकच प्रत ठेवली, ती कोठें व कां ठेवली याची नोंद ठेवली, तर ‘क्लास सांपडत नाहीं’ ही ओळ अवचित पुढें आली तरी भयाचें कारण उरत नाहीं. ती ओळ शत्रूसारखी वाटते. वास्तविक शोध कोठून सुरू करावा हें सांगणारी ती पहिली साक्ष असते.